ऐकणारं कुणीतरी
(मराठी लेखकांच्या सोबतीविषयीच्या लेखसंग्रहाची प्रस्तावना)

लिहू लागलेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास पडतात. सुचतं कुठून, हा पहिला. लिहिलेलं दाखवायचं कुणाला, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर आपल्याकडे उदंड बोललं गेलं आहे. प्रतिभा, संस्कार, वाचन, दुःख, निसर्ग अशी त्याची उत्तरं लेखकांच्या मुलाखतींतून आणि समीक्षाग्रंथांतून सापडतात. दुसरा प्रश्न मात्र किरकोळ आणि व्यवहारापुरता समजला जातो. या संग्रहाची मांडणी या दुसऱ्या प्रश्नाभोवती केली आहे. मराठी वाङ्मयाचा इतिहास नीट पाहिला, तर हे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत असं माझं ठाम मत झालं आहे. ज्याला मनापासून ऐकणारं माणूस भेटलं त्याला पुढचं सुचलं, आणि ज्याला ते भेटलं नाही त्याच्या वह्या ट्रंकेत राहिल्या. प्रेरणा लेखकाच्या आत असते हे खरंच; पण तिला बाहेर पडायला समोर कुणीतरी लागतं.

या विषयाकडे नव्याने येणाऱ्या वाचकासाठी आधी थोडा मागचा इतिहास सांगतो.

आपल्या भाषेतला पहिला थोर ग्रंथ माणसांसमोर सांगितला गेला. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये नेवाशात गीतेवर निरूपण केलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं. ज्ञानेश्वरीत श्रोते सतत हजर असतात. ज्ञानेश्वर त्यांच्याकडे अवधान मागतात, आपल्या धिटाईबद्दल क्षमा मागतात, निवृत्तिनाथांची अनुज्ञा घेतात आणि मग पुढे जातात. नवव्या अध्यायाचा आरंभच श्रोत्यांशी केलेल्या आर्जवाने होतो. एवढ्या मोठ्या कवीला समोरच्यांचं लक्ष ही मागून घेण्याची गोष्ट वाटली, हे आजच्या लेखकाने ध्यानात ठेवावं.

त्याच पिढीत पंढरपूरच्या वाटेवर जो मेळ जमला तसा लिहित्या माणसांचा मेळ जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, चोखामेळा. तेर, अरण, मंगळवेढा, पंढरपूर ही त्यांची गावं. नामदेवांच्या घरी राबणारी जनाबाई अभंग रचत होती. चोखोबांच्या घरात सोयराबाई, निर्मळा, बंका आणि कर्ममेळा हे सगळेच रचत होते. चोखोबांना देवळाचा दरवाजा बंद होता, पण अभंगाचा दरवाजा त्यांना आणि त्यांच्या घराला उघडा राहिला, कारण बरोबरीची माणसं ते अभंग गात होती. पुढे सतराव्या शतकात तुकोबांनी आपल्या कवित्वाचं मूळ सांगताना स्वप्नात नामदेवांनी कामाला लावलं असं सांगितलं. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचा कवी त्यांना सोबती वाटला. त्यांच्याभोवती टाळकरी होते, आणि अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे होते. शिऊरच्या बहिणाबाईंनी कोल्हापुरात तुकोबांचे अभंग ऐकले आणि ब्राह्मण घरातल्या त्या बाईने देहूच्या शूद्र कवीला गुरू मानलं. त्यासाठी तिने घरचा छळ सोसला आणि तोही अभंगांत मांडून ठेवला. वाङ्मयाची सोबत जातीची भिंत ओलांडू शकते, याचा एवढा जुना आणि एवढा स्वच्छ पुरावा आपल्याकडे आहे.

याच्या जोडीने एक परंपरा घराघरांत चालू होती. पहाटे जात्याच्या दोन बाजूंना दोन बायका बसत. एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने ती उचलायची. या ओव्यांमधून सासर-माहेर, भाऊ, लेक, दुष्काळ, पंढरी असं सगळं जग आलं. हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी फिरून या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या लाखाच्या वर जाते. एवढ्या प्रचंड रचनेला एकाही प्रकाशकाची गरज पडली नाही. समोर बसलेली जाऊ किंवा शेजारीण पुरेशी होती. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी याच परंपरेतून आल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरातली माणसं त्यांच्या ओव्या टिपून ठेवत होती. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि 1952 मध्ये पुस्तक निघालं. टिपून ठेवणारा मुलगा आणि वाचून हरखून जाणारा संपादक या दोन माणसांमुळे महाराष्ट्राला हे काव्य मिळालं. त्यातला एक जरी नसता तरी ते शेतातच विरून गेलं असतं.

छापखाना आल्यावर या सोबतीचं रूप बदललं. समोर बसलेल्या श्रोत्याच्या जागी दूरचा वाचक आला. अनोळखी वाचकासाठी लिहायचं तर लेखकांना एकमेकांचा आधार लागणार, हे न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी ओळखलं. त्यांच्या पुढाकाराने 1878 मध्ये पुण्यात ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरलं. आजच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची परंपरा तिथपासून मोजली जाते. 1906 मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली, 1923 मध्ये अमरावतीला विदर्भ साहित्य संघ. त्याच्याही आधी वाचनालयं उभी राहिली होती. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, पुणे नगर वाचन मंदिर 1848 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबईचं 1898 चं. गावातला लिहू पाहणारा मुलगा आणि तिथे मुक्कामाला आलेला नामवंत लेखक एकाच टेबलावर बसतील अशी जागा या वाचनालयांनी दिली. लेखक घडवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे आणि त्याची नोंद फार थोड्यांनी घेतली आहे.

पण सोबतीच्या या नव्या इतिहासात आरंभीच एक ठिणगी पडली. 1885 च्या दुसऱ्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांकडे गेलं तेव्हा त्यांनी पत्र लिहून ते नाकारलं. त्यांचं म्हणणं रोखठोक होतं. जे लोक माणसाचे हक्क सर्वांना मनापासून द्यायला तयार नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही. मराठी लेखकांच्या संघटित जीवनाचा इतिहास हे पत्र शेजारी ठेवूनच वाचावा लागतो. कुणासाठी जागा आहे आणि कुणासाठी नाही, हा प्रश्न त्या पत्राने विचारला. पुढच्या प्रत्येक पिढीला त्याचं उत्तर आपल्या परीने द्यावं लागलं.

विसाव्या शतकात मराठी लेखकांची सोबत मुख्यतः चार वाटांनी वाढली: मंडळ, नियतकालिक, चळवळ आणि पत्र. या वाटा एकमेकींत मिसळतात. तरी प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे.

पहिली वाट मंडळाची. 1907 मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं. तिथे सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाने कविता म्हटली, अध्यक्ष डॉ. कीर्तिकर भारावले आणि त्याला बालकवी ही पदवी मिळाली. पुढे अहमदनगरला रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या घरी हा मुलगा घरच्यासारखा राहिला. त्याच घरातल्या लक्ष्मीबाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिलं. एका घराने मराठीला काय दिलं याचा हिशेब करताना त्या घराच्या उघड्या दाराला विसरून चालणार नाही.

1923 मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ जमलं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, माडखोलकर, घाटे, दिवाकर ही मंडळी रविवारी चहाच्या निमित्ताने एकत्र येत, कविता वाचत, एकमेकांना सुधारणा सुचवत आणि एकत्र संग्रह काढत. 'किरण' हा त्यांचा पहिला सामुदायिक संग्रह. त्यांनी कविता गाऊन सभागृहांत नेली, खंडकाव्य लिहिलं, सुनीत आणि गझल रुजवली. अत्र्यांनी 1925 च्या 'झेंडूची फुले'मधून या काव्यपद्धतीची विडंबनं केली. मंडळाने एकमेकांची भाषा उचलायला सुरुवात केली की तिचा ठसा बनतो, ही त्या विडंबनांमागची टीका आजच्या प्रत्येक मंडळाने मनावर घेण्यासारखी आहे. पुढे मुंबईत विंदा करंदीकर, वसंत बापट, मंगेश पाडगावकर, गंगाधर गाडगीळ, श्री. पु. भागवत यांच्या 'मुर्गी क्लब'ने जेवणाच्या पंगतीला वाङ्मयाची बैठक जोडली. विंदा, बापट आणि पाडगावकर या तिघांनी मग गावोगाव काव्यवाचनं केली. तिघांचा पिंड वेगळा, विचार वेगळे, आवाज वेगळे. तरी तिघे वर्षानुवर्षं एका व्यासपीठावर बसले. सोबत म्हणजे एकमत नव्हे, हे त्यांनी दाखवून दिलं. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथनातून तेच केलं, आणि ग्रामीण बोलीचा श्रोता तालुक्याच्या गावापर्यंत जाऊन गाठला.

दुसरी वाट नियतकालिकाची. मराठीत संपादक हा लेखकाचा पहिला खरा वाचक राहिला आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मासिक मनोरंजन' चालवलं आणि 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. वर्षातून एकदा सगळ्या लेखकांनी एका सणाला भेटावं, अशी ही प्रथा. दिवाळी अंकासाठी कथा मागणारं पत्र आलं की जून-जुलैत लेखक कामाला लागतो. कितीतरी मराठी कथांच्या जन्माचं कारण शोधलं तर ते असं एखादं पोस्टकार्ड निघतं. 1943 मध्ये बडोद्याहून पु. आ. चित्रे यांनी 'अभिरुची' सुरू केलं आणि महाराष्ट्राबाहेरून मर्ढेकरांच्या पिढीला हात दिला. 'सत्यकथा'ने श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखाली नवकथा आणि नवकविता उभी केली. तिथून परत येणाऱ्या कथेबरोबर पत्र येई. कुठला परिच्छेद ढिला आहे, शेवट का पटत नाही, हे त्यात लिहिलेलं असे. तशी पत्रं ज्यांना आली त्यांनी ती जन्मभर जपली. नकारातही माणसाला उभं करण्याची ताकद असते, फक्त तो नकार देणाऱ्याने ते लेखन खरोखर वाचलेलं असावं लागतं.

पण एका दारापाशी खूप लोक उभे राहिले की दार कुणाचं, हा प्रश्न उठतोच. तो 1955 च्या सुमारास उठला. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे चक्रमुद्रित अनियतकालिक काढलं. मग 'असो', 'फक्त', 'येरू', 'वाचा', 'भारुड' आली. अशोक शहाणे, भालचंद्र नेमाडे, राजा ढाले, चंद्रकांत खोत ही नावं या काळातून पुढे आली. हातात पैसा नव्हता, तेव्हा सायक्लोस्टाइल यंत्र, थोडे कागद आणि मित्र एवढ्यावर अंक निघत. 1969 मध्ये ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी 'सत्यकथा'चा अंक जाहीरपणे जाळला. आज मागे वळून पाहताना मला दोन्ही बाजूंचं ऋण मान्य करावंसं वाटतं. 'सत्यकथा'ने कसून काम करण्याची शिस्त दिली. लघुअनियतकालिकांनी परवानगीची वाट न पाहण्याची हिंमत दिली. नव्या लेखकाला दोन्ही लागतात.

तिसरी वाट चळवळीची, आणि मराठीतलं सर्वांत मोठं मन्वंतर याच वाटेने आलं. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं. गिरणगावातला कामगार हा त्यांचा श्रोता, चाळीमधलं मोकळं पटांगण हे सभागृह. त्याच गिरणगावाने नारायण सुर्वे दिले. फुटपाथवर सापडलेलं हे मूल गिरणीत आणि शाळेत पडेल ते काम करत वाढलं. सुर्व्यांनी आपल्या संग्रहाला 'माझे विद्यापीठ' हे नाव दिलं. ते विद्यापीठ म्हणजे रस्ता, युनियन आणि आजूबाजूची माणसं. 1995 मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी ते बसले.

1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. शिकायला आलेल्या मुलांना तिथे पुस्तकांबरोबर एकमेकांची सोबत मिळाली. 1958 मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं आणि अण्णा भाऊंनी त्याचं उद्घाटन केलं. त्याच दशकाच्या अखेरीस त्यांनी 'फकिरा' ही कादंबरी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' सुरू केलं. हे त्रैमासिक आणि त्याचे मेळावे मिळून एक शाळाच झाली. ज्या अनुभवाला साहित्यात जागाच नव्हती तो अनुभव लिहिण्याजोगा आहे, एवढं सांगणारं कुणीतरी तरुणांना तिथे भेटलं. बाबुराव बागुलांची कथा, 1972 मधला नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा', 1978 मधलं दया पवारांचं 'बलुतं' ही या मन्वंतराची ठळक शिखरं. 'गोलपिठा'ची प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली. ढसाळांचं जग आपल्याला अपरिचित आहे, हे त्यांनी त्यात मोकळेपणाने मान्य केलं. प्रस्थापित लेखकाने नव्या लेखकाजवळ कसं बसावं, याचा तो धडा आहे. 'बलुतं' आणणाऱ्या 'ग्रंथाली'ने तर वाचकांचीच चळवळ उभी केली आणि पुस्तक गावोगाव नेलं.

या उजेडात दुसऱ्याही वाटा उघडल्या. आनंद यादव आणि त्यांच्या सोबत्यांनी ग्रामीण साहित्याची चळवळ चालवली. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने भटक्या-विमुक्तांचं जगणं मराठीत आणलं. वाहरू सोनवणे आणि भुजंग मेश्राम यांच्या कवितेत आदिवासी माणूस स्वतः बोलू लागला. 1990 मध्ये सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. प्रत्येक वेळी क्रम तोच दिसतो. आधी चार माणसं एकमेकांना ऐकतात, त्यातून बोलायचं धैर्य येतं, आणि पुस्तक त्यानंतर येतं.

स्त्रियांच्या बाबतीत ही वाट जास्त खडतर होती. 1933 मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा मालतीबाई बेडेकरांना विभावरी शिरूरकर या नावाआड राहावं लागलं. फलटणच्या बेबी कांबळे आपल्या छोट्या दुकानात बसून, मिळेल त्या वेळात, घरच्यांपासून लपवून लिहीत राहिल्या आणि ते कागद वर्षानुवर्षं दडवून ठेवले. फलटणला येऊन राहिलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी ते वाचले, आग्रह धरला, आणि 'जिणं आमुचं' वाचकांपर्यंत पोहोचलं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं. तिथे ऐकणं हीच लेखनाची पद्धत झाली. साहित्य संमेलनाच्या दीर्घ इतिहासात 2025 पर्यंत फक्त सहा स्त्रिया अध्यक्ष झाल्या आहेत. कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर. हा आकडा पुरेसं सांगतो.

चौथी वाट पत्राची. मंडळात न रमणारा, सभेला न जाणारा लेखकही असतो, आणि त्यालाही सोबत लागते. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहिले. समारंभ, मुलाखती, गर्दी त्यांनी टाळली. पण त्यांची पत्रं वाचा. पुस्तकं, चित्रं, माणसं आणि मृत्यू यांविषयी ते मित्रांशी पानंच्या पानं बोलतात. सुनीता देशपांड्यांनी त्यांना लिहिलेली पत्रं 'प्रिय जी. ए.' म्हणून पुस्तकरूपाने आली. एकांत हवा असलेल्या लेखकालाही एक वाचक जवळचा लागतो, आणि तो दोनशे कोसांवर असला तरी चालतो. अंतर्मुख स्वभावाच्या नव्या लेखकांना मी ही वाट मुद्दाम सुचवतो.

आजच हा विषय मांडायचं कारण काय? मराठी लेखनाची साधनं कधी नव्हती एवढी सोपी झाली आहेत. खिशातल्या फोनवर देवनागरी लिहिता येतं, आणि लिहिलेलं त्याच क्षणी शेकडो माणसांपर्यंत जातं. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दुसऱ्या बाजूला नियतकालिकं एकेक करून बंद पडली, वाचनालयांचं अनुदान अपुरं राहिलं, आणि हस्तलिखित ओळ न् ओळ वाचून उत्तर देणारे संपादक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. नवा कवी पदरचे पैसे घालून संग्रह काढतो. त्यातली एकही कविता कुणी आधी थांबून तपासलेली नसते. कौतुक झटपट मिळतं, आणि ज्याने कौतुक केलं त्याने वाचलं का, हे कळायला मार्ग नसतो. आता तर मागाल तसा मजकूर यंत्रही तयार करून देतं. अशा काळात ज्याने खरोखर वाचलं आहे अशा एका माणसाचं मत लाखमोलाचं आहे.

आशा वाटावी अशाही गोष्टी आहेत. धुळ्याहून पुरुषोत्तम पाटलांनी 1985 मध्ये 'कवितारती' सुरू केलं आणि मोठ्या शहराच्या आधाराशिवाय कवितेचं नियतकालिक दीर्घकाळ चालतं हे सिद्ध केलं. 2017 पासून पाचगणीजवळचं भिलार पुस्तकांचं गाव झालं आहे. बेळगाव, गोवा, बडोदा, इंदूर, हैदराबाद इथली मराठी मंडळं वाचनाचे कार्यक्रम करतात, आणि परदेशात वाढलेली मुलं आजीशी बोलता यावं म्हणून मराठी शिकता शिकता मराठीत लिहू लागली आहेत. तालुक्याच्या गावांत शिक्षक, एस.टी.चे वाहक, परिचारिका, शेतकरी असे लेखक मिळून कवितावाचनाचे कट्टे चालवतात. यांची नोंद वर्तमानपत्रात येत नाही. उद्याचं मराठी साहित्य मात्र तिथेच तयार होत आहे, याबद्दल मला शंका नाही.

आता या संग्रहाविषयी. कथा कशी लिहावी, वृत्त कसं सांभाळावं, प्रकाशक कसा गाठावा, हे सांगणारं हे पुस्तक नाही. तशी पुस्तकं आहेत आणि त्यांचा उपयोगही आहे. इथे एकत्र केलेल्या लेखांनी, आठवणींनी आणि संवादांनी एकच गोष्ट निरनिराळ्या बाजूंनी तपासली आहे: लिहिणाऱ्याला सोबत कशी मिळाली, तिने त्याच्या लेखनाचं काय केलं, आणि ती कुठे घातक ठरली. हा शेवटचा भाग आम्ही मुद्दाम मोठा ठेवला आहे. मंडळं कंपू होतात. एकमेकांच्या पुस्तकांना एकमेकांच्या प्रस्तावना मिळू लागतात. ज्येष्ठाला न आवडणारी ओळ धाकटा आपोआप गाळू लागतो. चळवळीत घोषणेला कवितेपेक्षा जास्त टाळ्या मिळतात. हे सारं मराठीत घडलेलं आहे. ते झाकून सोबतीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

लेखांची रचना काळाच्या क्रमाने केलेली नाही. ज्या वाटेची गरज वाटेल तिथून वाचकाने सुरुवात करावी. प्रादेशिक समतोल साधायचा कसून प्रयत्न केला आहे; पुणे-मुंबईबाहेरचे अनुभव निम्म्याहून अधिक आहेत. समीक्षेची परिभाषा कमीत कमी ठेवली आहे, कारण हे पुस्तक प्रथम लिहू पाहणाऱ्यांसाठी आहे, अभ्यासकांसाठी नंतर.

या सगळ्यातून माझ्या हाती जे आलं ते सरळ सांगतो. चांगली सोबत चार गोष्टींवरून ओळखता येते. तिथे लेखन मोठ्याने वाचलं जातं, कारण कानाला खटकलेलं वाक्य डोळ्याला पुष्कळदा चुकवून जातं. तिथे आधी ऐकतात, मग बोलतात, आणि बोलताना लेखकाविषयी न बोलता त्या लेखनाविषयी बोलतात. तिथे वेगळ्या जातीचं, वेगळ्या वयाचं, वेगळ्या कामधंद्याचं माणूस असतं, म्हणून एकाला सहज वाटणारी गोष्ट दुसरा थांबवून विचारतो. आणि तिथून घरी गेल्यावर लिहावंसं वाटतं. ही चौथी खूण सर्वांत महत्त्वाची. जिथून परतल्यावर फक्त गप्पांची धुंदी उरते आणि वही उघडावीशी वाटत नाही, ती जागा कितीही मोठ्या नावांची असली तरी लेखकाने सोडून द्यावी.

सुचण्याचं काय, असं कुणी विचारेल. सुचणं आपल्या हातात नाही, ऐकणं आहे. ज्याने दुसऱ्याची कविता मन लावून ऐकली, तिच्यातली अडचण स्वतःची मानून सोडवू पाहिली, त्याच्या स्वतःच्या वहीत काही ना काही हलू लागतंच. हे मी लिहित्या माणसांच्या बाबतीत वारंवार पाहिलं आहे. म्हणून नव्या लेखकाला माझा पहिला सल्ला आपलं लेखन घेऊन हिंडण्याचा नसतो. आधी दुसऱ्या कुणाचं तरी नीट वाच, आणि काय वाटलं ते त्याला कळव, असंच मी सांगतो.

तेव्हा वाचकहो, हे पुस्तक एकट्याने वाचून कपाटात ठेवू नका. गावातलं वाचनालय अजून उघडं असेल तर तिथे जा, बंद असेल तर घराची ओसरी आहे. आठवड्याचा एक वार ठरवा. लिहिणारी दोन-तीन माणसं बोलवा, आणि त्यांत एक तरी असं असू द्या ज्याला आजवर कुणी बोलावलेलं नाही. त्याला पहिल्यांदा वाचू द्या, आणि शेवटपर्यंत ऐका.